एमआरआयला काय विचारायचंय ते आधी ठरवा

रोज पंधरा-वीस पेशंट तरी माझ्यासमोरून जातात आणि आत घ्यायच्या आधी प्रत्येकाला मी एकच विचारतो, काय होतंय, एमआरआय कशासाठी सांगितलाय? निम्मे लोक म्हणतात, "डॉक्टरांनी सांगितलाय म्हणून." चिठ्ठी बघावी तर तिच्यावर नुसतं 'एमआरआय ब्रेन' आणि खाली सही. आता यातनं मी काय समजू, डोकं दुखतंय, फिट आली, हात लुळा पडला, का ऐकू कमी येतंय? लोकांना वाटतं यात काय एवढं विचारायचं, एवढं मोठं मशीन आहे, एकदा आत घातलं की सगळं दिसणारच. मी बारा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे, आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही त्यामुळं मशीनलाही उसंत नसते, आणि या बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा जो गैरसमज काढत बसलोय तो हाच. एमआरआय म्हणजे फोटो नाही. तुम्ही त्याला जे विचाराल त्याचंच उत्तर तो देतो आणि विचारायच्या पद्धती भरपूर आहेत, चुकीचं विचारलं तर समोर असलेली गोष्टपण दिसत नाही.

असं का, ते कळायला मशीन आत नेमकं काय करतंय हे थोडं बघायला लागेल. घाबरू नका, गणित नाही.

आपल्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी आहे, शिवाय चरबी आहे, आणि दोन्हीत हायड्रोजन ठासून भरलेला. हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यात एकच प्रोटॉन असतो आणि तो अगदी बारक्या लोहचुंबकासारखा वागतो. एरवी या अब्जावधी चुंबकांची तोंडं वाट्टेल तिकडं असतात, त्यामुळं सगळी बेरीज शून्य. तुम्ही मशीनच्या बोगद्यात गेलात की बाहेरून जबरदस्त मोठं चुंबकीय क्षेत्र लागतं, नेहमीच्या मशीनमध्ये १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट, काही ठिकाणी ३ टेस्लाचीपण मशिनं आहेत. मग हे प्रोटॉन त्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलत घुमायला लागतात आणि त्यांचा कल थोडासा एका बाजूला झुकतो. थोडासा म्हणजे खरंच थोडासा, दहा लाखांमागं मोजके काही प्रोटॉन जास्तीचे त्या दिशेला. पण अंगात प्रोटॉनच इतके आहेत की तेवढ्या मोजक्यांवर सगळा धंदा चालतो.

आता झोक्याचं उदाहरण घ्या. पोराला झोका देताना तुम्ही कधीही ढकललंत तर काही होत नाही, झोका मागं आला की बरोबर त्या वेळी ढकललंत तर बोटानं ढकलूनसुद्धा तो वर जातो. प्रोटॉनचंपण तसंच, त्यांच्या घुमण्याचा जो वेग आहे बरोबर त्याच वेगाच्या रेडिओ लहरी सोडल्या तरच ते ती ऊर्जा घेतात, यालाच रेझोनन्स म्हणायचं. १.५ टेस्लाला ही फ्रिक्वेन्सी ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे तुमच्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. मग आम्ही लहर थांबवतो आणि गप्प बसून ऐकतो. प्रोटॉन परत जागेवर येता येता स्वतः बारीकसा रेडिओ सिग्नल सोडतात, तो पकडायला डोक्यावर तो पिंजरा किंवा गुडघ्यावर ते नळकांडं बसवलेलं असतं. लोकांना वाटतं डोकं हलू नये म्हणून बांधून ठेवलंय, पण तो अँटेना आहे, त्याला कॉइल म्हणतात. आणि बाहेरच्या रेडिओ स्टेशनचा गोंधळ आत येऊ नये म्हणून अख्ख्या खोलीला भिंतीच्या आतनं तांब्याचा पत्रा मारलेला असतो.

म्हणजे बघा, यात एक्सरे कुठंच नाही. सीटी स्कॅनमध्ये एक्सरे असतात, एमआरआयमध्ये नसतात, तरी दिवसातनं दोघं-तिघं तरी विचारतातच की किरणांचा त्रास होईल का. याचं खरं शास्त्रीय नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, यातला न्यूक्लिअर म्हणजे अणूचा गाभा एवढंच, पण तो शब्द ऐकून लोक दचकतात म्हणून दवाखान्यात येताना तो गळाला.

बरं, सिग्नल आला हे ठीक, पण तो डाव्या मेंदूतनं आला का उजव्या हे कसं कळणार? इथं पेटी आठवा, प्रत्येक पट्टीचा सूर वेगळा. मशीनमध्ये मुख्य चुंबकाशिवाय आणखी तीन कॉइलचे सेट असतात, ग्रेडियंट म्हणतात त्यांना, ते क्षेत्र एका टोकाला किंचित जास्त आणि दुसऱ्या टोकाला किंचित कमी करतात, मग प्रत्येक जागेचे प्रोटॉन थोड्या वेगळ्या वेगानं घुमतात, वेगळा सूर लावतात, आणि कॉम्प्युटर त्या मिसळलेल्या सुरांतनं कुठला सूर कुठल्या जागेचा ते सोडवून काढतो. ही ग्रेडियंट सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद होतात, एवढ्या मोठ्या क्षेत्रात त्या कॉइलमधनं करंट गेला की त्या थरथरतात, आणि तो ठक्क ठक्क घर्रर्र आवाज त्याचाच. शंभर डेसिबलच्या वर जातो कधीकधी, म्हणून कानात बोळे घालतो, ते काढू नका.

आणि हलू नका असं आम्ही सारखं का कोकलतो तेही इथंच आलं. हे चित्र वरून खाली ओळीनं छापत येत नाही, प्रत्येक मोजणीत अख्ख्या चित्राचा थोडा थोडा अंश असतो, त्यामुळं चार मिनिटांच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे मोजणीच्या एका फेरीत, तुम्ही साडेतीन मिनिटाला खोकलात तर बिघाड शेवटच्या ओळीत नाही राहत, सगळ्या चित्रावर सावल्या पडतात, आणि पहिल्यापासून करायला लागतं.

ही जागा शोधायची ग्रेडियंटची युक्ती पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची, १९७३ मध्ये त्याचा लेख 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात आला, त्यात चित्र कशाचं तर पाण्याच्या दोन बारक्या नळ्यांचं. तो लेख आधी 'नेचर'वाल्यांनी परत पाठवला होता हे मला फार आवडतं. इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफिल्डनं गणित आणि वेग यावर काम केलं आणि २००३ चं नोबेल या दोघांना मिळालं. रेमंड डमाडियन नावाचा तिसरा गडी मात्र राहिला, त्यानं १९७१ मध्येच उंदरांच्या गाठींवर दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशींचा सिग्नल चांगल्या पेशींपेक्षा वेगळा विझतो, आणि ३ जुलै १९७७ ला त्याच्या टीमनं माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढलं, त्याला जवळजवळ पाच तास लागले. नोबेल हुकल्यावर त्यानं पेपरात पानभर जाहिराती देऊन भांडण केलं. त्याचं बरोबर का चूक हे मोठ्या लोकांनी ठरवावं, पण सिग्नल कसा विझतो त्यावर रोग ओळखायचा ही जी गोष्ट त्यानं पकडली तिच्यावरच आमचं रोजचं काम उभं आहे.

ती गोष्ट अशी. ढोल-ताशा पथक डोळ्यासमोर आणा. पन्नास ढोल एका ठेक्यात वाजतायत तोवर आवाज दणदणीत. मग हळूहळू कोण पुढं, कोण मागं, ठेका फुटतो आणि सगळे वाजवत असूनसुद्धा नुसता गोंगाट होतो. प्रोटॉनचा ठेका फुटायला लागणारा वेळ म्हणजे टी२. मोकळ्या पाण्यात रेणू भराभर फिरतात, एकमेकांना फारसं अडवत नाहीत, त्यामुळं ठेका बराच वेळ टिकतो, दाट गच्च ऊतीत लगेच फुटतो. वाजवणारे दमून परत आपापल्या रांगेत येऊन उभे राहायला जो वेळ लागतो तो टी१, आणि चरबीत तो फार कमी असतो. आम्ही किती वेळ थांबून ऐकायचं ते बदललं की चित्र बदलतं. उशिरा ऐकलं की पाणी पांढरंशुभ्र दिसतं, हे टी२ चित्र. दुसऱ्या तऱ्हेनं ऐकलं की चरबी पांढरी आणि पाणी काळं, हे टी१. रोग कुठलाही असो, सूज आली, इन्फेक्शन झालं, गाठ आली की बहुतेक वेळा तिथलं पाणी वाढतं, म्हणून टी२ वर काहीतरी चमकतं. पण मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत मुळातच पाणी असतं, तेही चमकतं आणि शेजारचा बारका डाग त्या उजेडात हरवतो, मग नेहमीचं पाणी तेवढं दाबून टाकणारी फ्लेअर नावाची सिक्वेन्स लावतात. मणक्यात चरबी चमकून घोटाळा करते तर चरबी दाबणारी स्टिर लावतात. एकाच डोक्याची आम्ही सहा-सात प्रकारची चित्रं घेतो ती यासाठी, प्रत्येक म्हणजे एक वेगळा प्रश्न. वीस-तीस मिनिटं लागतात ती त्या प्रश्नांना लागतात.

आता दवाखान्यात हे कुठं कामाला येतं ते सांगतो, सगळं सांगत नाही, मी जे जास्त बघतो तेवढंच.

सगळ्यात आधी स्ट्रोक, म्हणजे ज्याला आपण लकवा मारला म्हणतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन बऱ्याचदा नॉर्मलच दिसतो. एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाची सिक्वेन्स आहे, ती विचारते की इथल्या पाण्याच्या रेणूंना हिंडायला जागा आहे का. रक्त बंद झालं की पेशी फुगतात, मधली फट बुजते आणि पाणी यात्रेतल्या गर्दीत अडकल्यासारखं जागच्या जागी अडकतं. हा अडकलेला भाग डिफ्युजनवर दिव्यासारखा पेटतो, आणि तोसुद्धा लकवा मारल्यावर फार लवकर, कधीकधी अर्ध्या तासात. त्याच वेळी फ्लेअरवर मात्र अजून काही दिसत नाही, तिथं दिसायला काही तास जातात. या फरकाचा मोठा उपयोग होतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचं असतं, पण माणूस रात्री चांगला झोपला आणि सकाळी तोंड वाकडं झालेलंच उठला तर सुरू कधी झालं हे कोण सांगणार? अशा वेळी डिफ्युजनवर दिसतंय आणि फ्लेअरवर नाही म्हटल्यावर डॉक्टर समजतात की हे फार जुनं नाही, अजून इंजेक्शनची संधी असू शकते. म्हणजे चित्रातनं घड्याळ वाचायचं. तरीपण लकव्याच्या पेशंटला आधी सीटीच करतात बहुतेक ठिकाणी, कारण तो दोन मिनिटांत होतो आणि मेंदूत रक्तस्राव आहे का नाही हे लगेच कळतं, रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन द्यायचंच नसतं. त्यामुळं "एमआरआय भारी असताना सीटी का केला" म्हणून डॉक्टरांशी भांडू नका, मिनिटाला किंमत आहे तिथं.

दुसरं फिट्स. आपल्याकडं तरुण माणसाला पहिल्यांदा फिट आली की एक कारण कायम डोक्यात ठेवतात, न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणं. ही डुकराच्या मांसातली पट्टकृमी, त्यामुळं शाकाहारी घरातले लोक ऐकूनच उखडतात, "आम्ही अंडंपण खात नाही." पण मेंदूत जाणारी अळी मांस खाऊन येत नाही, ती येते कृमीच्या अंड्यांतनं, आणि ती अंडी ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या शौचावाटे पाण्यात, मातीत, न धुतलेल्या भाजीवर, कुणाच्या तरी हातावर येतात. एमआरआयवर पाण्याची बारीकशी पुटकुळी आणि तिच्यात एक ठिपका दिसतो, तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. ते दिसलं की निदान जवळजवळ पक्कं. पण तीच अळी मरून वाळून खडा झाली की एमआरआयपेक्षा सीटीवर नीट दिसते, कारण खड्यात पाणी नाही आणि पाणी नाही तिथं आमचं मशीन मुकं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, मणक्याचा टीबी. पाठ दुखते म्हणून माणूस महिना दोन महिने बाम लावत बसतो, एक्सरे काढला तर नॉर्मल, कारण एक्सरेवर दिसायला हाड बरंच पोखरलं जायला लागतं. एमआरआयवर मात्र हाडाच्या आतली मज्जा सुजली की लगेच कळतं, दोन शेजारचे मणके आणि मधली गादी एकदम बिघडलेली, बाजूला पू साठून तो पोटाच्या मागच्या स्नायूत खाली उतरलेला, आणि मज्जारज्जूवर किती दाब आलाय तेपण. याच वेळी सापडला तर गोळ्यांवर बरा होतो बहुतेकांचा, नंतर सापडला तर पाय जातात. फक्त एक, एमआरआय 'टीबीसारखं दिसतंय' एवढंच सांगू शकतो, पक्कं करायला सुईनं तुकडा घेऊन सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची तपासणी) वगैरे करतातच, कारण दुसरं इन्फेक्शन किंवा कॅन्सर कधीकधी तसाच दिसतो. रात्री दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असं काही पाठदुखीबरोबर असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

खुब्याचंपण असंच. स्टिरॉइड जास्त घेतलेल्या किंवा दारू जास्त असलेल्या माणसांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतल्या आत मरतं, एव्हीएन म्हणतात, आणि एक्सरे नॉर्मल असताना एमआरआय ते पकडतो. गोळा चेपायच्या आधी सापडला तर तो वाचवायचा प्रयत्न तरी करता येतो.

गुडघ्याचं लिगामेंट, मेनिस्कस, खांद्याचे स्नायू हे तर रोजचंच, कबड्डी आणि टू-व्हीलर यांच्या कृपेनं आमचा तो विभाग कायम भरलेला. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय का बघायला एमआरसीपी करतात, त्यात एवढं टोकाचं टी२ लावतात की साचलेलं पाणी सोडून बाकी सगळं काळं होतं, त्यामुळं पित्तनलिका कुठलंही औषध न टोचता झाडाच्या फांद्यांसारखी दिसते. पोटातलं पाणी मध्ये येऊ नये म्हणून उपाशी यायला सांगतात आणि काही ठिकाणी चक्क अननसाचा ज्यूस पाजतात, त्यातल्या मँगेनीजमुळं पोटातलं पाणी काळं पडतं. पेशंटला वाटतं आपला पाहुणचार चाललाय.

भगंदर. लोक हे नाव मोठ्यानं घेत नाहीत, पण ऑपरेशन करून पुन्हा पुन्हा होणाऱ्या भगंदरात आतला रस्ता कुठनं कुठं गेलाय, स्नायूच्या आतनं का बाहेरनं, फाटे किती, हे ऑपरेशनच्या आधी कळणं म्हणजे अर्धं काम झालं, आणि ते एमआरआयइतकं दुसरं काही दाखवत नाही. प्रोस्टेटच्या रक्ततपासणीत पीएसए वाढलेला असेल तर कॅन्सर बघायला सरसकट सुया टोचण्याआधी एमआरआय करून संशयाची जागा शोधतात आणि तिला १ ते ५ असे मार्क देतात. थॅलेसेमियाच्या पोरांना सारखं रक्त चढवून हृदयात लोह साठतं, ते किती साठलंय हेसुद्धा मोजता येतं, लोहामुळं तो ढोलाचा ठेका फार लवकर फुटतो आणि किती लवकर फुटला त्यावरून अंदाज. सुई नाही, तुकडा नाही, नुसतं ऐकून. मला अजून हे भारी वाटतं.

कधीकधी शिरेतनं कॉन्ट्रास्ट देतात, तो गॅडोलिनियम नावाच्या धातूचा असतो, एक्सरेच्या डायसारखा आयोडीनचा नव्हे. तो जिथं जातो तिथं टी१ वर चमक येते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत एरवी घट्ट असते, कॉन्ट्रास्ट बाहेर येत नाही, पण गाठ किंवा इन्फेक्शन असेल तर भिंत गळकी होते आणि तेवढीच जागा उजळते. किडनी फार खराब असणाऱ्यांना काही जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमनं त्वचा आणि आतले अवयव कडक होण्याचा आजार झाल्याचं २००६ च्या सुमाराला लक्षात आलं, तेव्हापासून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय सहसा देत नाहीत. डायलिसिस चालू असेल, किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल तर सुई टोचायच्या आधी बोला.

आता जिथं एमआरआय उपयोगाचा नाही ते. फुप्फुसात हवा, पाणी थोडं, म्हणून तिथं सीटी. ताजा अपघात, मुतखडा, तिथंही सीटी किंवा सोनोग्राफी. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी असं काही नसतं, हे मी माझ्या मालकासमोर म्हणत नाही एवढंच.

आणि आता कंबरदुखी, ज्याच्यासाठी मी मुळात हे लिहायला बसलो. कंबर दुखली, एमआरआय केला, रिपोर्टमध्ये 'एल४-एल५ डिफ्यूज डिस्क बल्ज, इंडेंटिंग थीकल सॅक' असं काहीतरी (एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका), की घरात सुतक. "मणक्यात गॅप पडलाय", "गादी सरकलीय", "नस दबलीय", चार दिवसांत सगळ्या भावकीला कळतं आणि मला व्हॉट्सअपवर फोटो येतात, "दादा बघ जरा, ऑपरेशन लागेल का?" १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ लोकांचे कमरेचे एमआरआय केले, हे सगळे कंबरदुखीचा त्रास नसलेले लोक होते. त्यातल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीत तरी फुगवटा होता आणि सगळ्या गाद्या नॉर्मल असलेले फक्त ३६ टक्के निघाले. नंतर २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली तर त्रास नसलेल्या विशीतल्या लोकांत ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. केस पांढरे होतात तशा गाद्यापण पिकतात. फुगवटा दिसला म्हणजे दुखणं त्याच्यामुळंच आहे असं नाही, तो पायात जाणाऱ्या ज्या नसेजवळ आहे तीच नस दुखतेय का, हे डॉक्टर हातानं तपासून जुळवतात, रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहितात ते हेच.

म्हणून साध्या कंबरदुखीला पहिल्या आठवड्यात एमआरआय नको म्हणणारा डॉक्टर तुमचे पैसे वाचवतोय, त्याला काही कळत नाही असं नाही. पण लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बैठकीची जागा बधिर पडणं, पायातली ताकद जाणं, ताप, आधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी.

थोडं मशीनच्या भीतीबद्दल. बोगदा अरुंद आहे हे खरंच, आत जाऊन डोळे उघडले की छत नाकाला लागल्यासारखं वाटतं. आत जायच्या आधीच डोळे मिटा, हवं तर वर रुमाल टाकून घ्या, हातात जो रबरी फुगा देतो तो दाबला की आम्ही थांबतो, आणि नातेवाइकाला तपासून सोबत बसवता येतं. सांगा फक्त आधी, आत गेल्यावर उठून पळू नका.

आणि खरी भीती बाळगायची ती लोखंडाची. हे चुंबक रात्रंदिवस चालू असतं. आतली तार निओबियम-टायटेनियमची, ती उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमनं थंड ठेवलेली असते, तेवढ्या थंडीत तारेचा विरोधच संपतो आणि करंट फिरतच राहतो, त्यामुळं आवाज थांबला, लाईट गेली, रविवार असला तरी चुंबक जागंच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिकेच्या हॉस्पिटलात पेशंटचा एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन त्या खोलीत गेला, सिलेंडरसकट मशीनकडं ओढला गेला आणि जीव गेला बिचाऱ्याचा. स्विच दाबला आणि चुंबक बंद असं नसतं, इमर्जन्सीत हेलियम उडवून द्यायला लागतं, एका लिटरचा सातशेच्या आसपास लिटर वायू होतो, ते पुन्हा भरायचं म्हणजे लाखांचा खर्च.

म्हणून दारात आमची चौकशी चालते. पेसमेकर आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत क्लिप, लेथवर किंवा वेल्डिंगवर काम करताना डोळ्यात कधी कण गेला होता का. पायातली टायटेनियमची प्लेट बहुतेक चालते, कॉपर-टीसुद्धा चालते, पण सांगायचं सगळं, कार्ड असेल तर आणायचं. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, तरी मंगळसूत्र, जोडवी, तावीज सगळं काढायला लावतो, कारण रेडिओ लहरींनी धातू तापतो आणि चित्रात काळा खड्डा पडतो. मंगळसूत्र काढायला बायका तयार होत नाहीत, मग सासूबाईंच्या हातात द्या म्हटलं की होतात. सेफ्टी पिनांचं तर विचारूच नका, सहावारीला किती पिना लागतात हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, "नाही हो एकपण नाही" म्हणणाऱ्या आज्जीच्या पदरात तीन सापडतात, आमच्या दारात पिनांची एक वाटीच भरलीय.

आणि येताना जुन्या फिल्मा आणा, नुसता रिपोर्ट नको. आजचा डाग मागच्या वर्षी होता का, तेवढाच होता का, हे कळलं तर आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमचं निम्मं काम होतं. त्रास नेमका काय, कधीपासून, कुठल्या बाजूला, हे चिठ्ठीवर नसेल तर स्वतः कागदावर लिहून आणा, शुद्धलेखन कुणी तपासत नाही.

मागच्या पावसाळ्यात कवठेमहांकाळकडचे एक शेतकरी आले होते, चिठ्ठी एसटीत भिजून लगदा झालेली, अक्षर लागेना. मी विचारलं, काका काय होतंय? म्हणाले, "उजव्या पायाचा अंगठा वर उचलत न्हाई, तीन आठवडं झालं, चालताना चप्पल निसटून मागंच राहती." मी ते त्यांच्याच शब्दात फॉर्मवर लिहिलं आणि मॅडमना दिलं, मॅडमनी तिथंच एका जागी जास्तीचे बारीक छेद घ्यायला सांगितले. एल४-एल५ ला उजव्या बाजूला गादीचा एक तुकडा सुटून खाली सरकून नसेवर बसला होता.